खावटी मुलाची, भांडण आईचं

'लग्नच झालं नाही, तर पोटगी कसली?' हे वाक्य कोर्टाच्या आवारात इतक्या ठामपणे बोललं जातं की ऐकणाऱ्याला वाटावं, कायद्यातच तसं लिहिलंय. कायद्यात नेमकं उलटं आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम १२५ आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेलं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, दोन्हींत 'औरस किंवा अनौरस', म्हणजे लग्नातलं किंवा लग्नाबाहेरचं मूल, हे शब्द शेजारीशेजारी आहेत. ऐपत असलेला बाप स्वतःचं पोट भरू न शकणाऱ्या मुलाला सांभाळत नसेल, तर कोर्ट त्याला दरमहा रक्कम द्यायला लावू शकतं. आईबापाचं लग्न झालं होतं का, जात एक होती का, धर्म कुठला, यातलं काहीही त्या कलमात विचारलेलं नाही.

मग इतके अर्ज आपटतात का? बहुतेक वेळा कायदा आड येत नाही, अर्जच चुकीचा बांधलेला असतो. आईची फसवणूक, आईची पोटगी, लग्नाचं मोडलेलं वचन आणि मुलाचा खर्च यांची एकच मोट बांधून ती कोर्टासमोर ठेवली जाते. समोरचा वकील त्यातला सर्वांत कच्चा धागा धरून ओढतो, आणि तो धागा जवळजवळ नेहमी 'पत्नी' हा शब्द असतो. कलम १४४ खाली स्वतःसाठी पोटगी मागायची तर बाईला साधारणपणे कायदेशीर पत्नी असावं लागतं. मुलाला त्या शब्दाशी काही घेणंदेणं नाही. तेव्हा मुलाचा अर्ज मुलाच्याच नावाने करायचा: 'अमुक, वय ४ वर्षे, अज्ञान, अ.पा.क. आई'. अ.पा.क. म्हणजे अज्ञानपालनकर्ती. आईला स्वतःसाठी काही मागायचं असेल तर तिने अर्जदार क्रमांक एक आणि मुलाने क्रमांक दोन व्हावं, पण दोघांच्या मागण्यांचे परिच्छेद आणि आकडे वेगळे हवेत. आईचा दावा पडला तरी मुलाचा उभा राहतो, तो अशा मांडणीमुळे.

याचं ठळक उदाहरण 'दुसऱ्या लग्ना'चं. पहिली बायको हयात आहे, घटस्फोट नाही, तरी देवळात हार घालून संसार मांडलेला. बाईला वर्षानुवर्षं वाटत असतं की आपण लग्नाची बायको. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण होतं. हिंदू विवाह कायद्याप्रमाणे दुसरं लग्न अवैध, म्हणून बाईला पत्नी या नात्याने पोटगी नाकारली गेली. मुलाची मात्र मिळाली. २००५ आणि २००७ मध्येही त्याच न्यायालयाने मुलाच्या बाबतीत हीच भूमिका घेतली. बाईवर अन्याय होतो हे खरंच, पण तो मुलाच्या अर्जात घुसवून भरून निघत नाही. तिच्यासाठी कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ आहे. 'विवाहसदृश नातं' हा शब्द त्यात आहे आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या कसोट्याही सांगितल्या: लोकांपुढे जोडपं म्हणून वावरणं, दोघांचंही वय आणि लग्नाची पात्रता, आणि बऱ्यापैकी काळ स्वेच्छेने एकत्र राहणं. अधूनमधून भेटणं त्यात बसत नाही. या कसोट्यांत नातं बसलं तर त्याच कायद्याच्या कलम २० खाली मुलांचा खर्चही मागता येतो. शिवाय तिथे नोकरी देणाऱ्याला थेट पगारातून रक्कम भरायला सांगण्याची सोय आहे. वसुलीच्या वेळी तिची किंमत कळते.

हिंदू कुटुंबात आणखी एक दार आहे. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याचं कलम २० म्हणतं की अनौरस मुलालाही आई किंवा बापाकडे सज्ञान होईपर्यंत निर्वाह मागता येतो. मुलगी असेल आणि स्वतःचा निर्वाह करू शकत नसेल, तर लग्न होईपर्यंत. कलम १४४ ची साधारण मर्यादा १८ वर्षं. त्यापुढे ते शारीरिक वा मानसिक अपंगत्व असलेल्या मुलालाच लागू राहतं. म्हणून सतरा वर्षांची मुलगी कॉलेजात असेल, तर वकिलाला हा दुसरा कायदा जरूर विचारा. मुस्लिम कुटुंबात हनफी परंपरेप्रमाणे अनौरस मुलाचा बापाकडे दावा नसतो, पण कलम १४४ धर्म पाहत नाही. त्यामुळे तिथे तर तेच मुख्य हत्यार. गोव्यात नागरी कायदा वेगळा असला तरी हे कलम तिथेही चालतं.

आता अर्ज कुठे करायचा. मुंबई, पुणे, नागपूर, ठाणे, नाशिक अशा ठिकाणी कुटुंब न्यायालयं आहेत, तिथे. जिथे नाहीत, तिथे प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. महाराष्ट्रातल्या कुटुंब न्यायालयांत या अर्जाचा क्रमांक 'ई' अक्षराने लागतो, म्हणून तिथे सगळे त्याला 'ई पिटिशन' म्हणतात. हद्दीच्या मुद्द्यावर सावध राहा. त्याच संहितेचं कलम १४५ म्हणतं: बाप जिथे असेल, तो किंवा त्याची 'पत्नी' जिथे राहते, किंवा तो शेवटचा जिथे पत्नीबरोबर अथवा अनौरस मुलाच्या आईबरोबर राहिला, तो जिल्हा. अविवाहित आई माहेरी साताऱ्याला आली, दोघं राहत होते पिंपरीत, आणि तो आता मुंबईत आहे, तर साताऱ्यातल्या अर्जावर 'ही पत्नीच नाही, मग साताऱ्याला हद्द कशी?' अशी हरकत येणारच. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद 'पत्नी आणि मुलं' यांच्यासाठी आहे असं वाचलंय, त्यामुळे हरकतीला उत्तर आहे. पण त्या वादात सहा महिने सहज जातात. पिंपरीचा भाडेकरार हातात असेल तर पुण्यालाच अर्ज करणं शहाणपणाचं. जावं-यावं लागतं, पण निदान पहिल्या पायरीवर अडकत नाही.

खर्चाची भीती मात्र काढून टाका. बाई आणि मूल, दोघांनाही विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, फोनवर १५१०० लावता येतो. कुटुंब न्यायालयात तर वकील उभा करायलाच कोर्टाची परवानगी लागते. बाजू स्वतः मांडायची मुभा असते.

बाप कोण, हा या सगळ्या प्रकरणाचा कणा. लग्नातल्या मुलाच्या बाजूने कायदा स्वतःच उभा राहतो: भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ११६, म्हणजे जुनं ११२, सांगतं की वैध लग्न चालू असताना किंवा ते संपल्यापासून २८० दिवसांत जन्मलेलं मूल नवऱ्याचंच धरायचं. अविवाहित आईला हा आधार नाही. पितृत्व तिने सिद्ध करायचं.

नेमका हाच नियम एका ठिकाणी उलटा फिरतो. बाई दुसऱ्या कुणाशी लग्नाने बांधलेली असताना मूल झालं, तर रक्ताचा बाप कुणीही असो, कायद्याचा बाप नवराच. जानेवारी २०२५ मध्ये केरळातून आलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटलं आणि ज्याला बाप म्हटलं जात होतं त्याची डीएनए तपासणी होऊ दिली नाही. नवरा त्या काळात तिच्याजवळ जाऊच शकत नव्हता, हे सिद्ध केलं तरच दार उघडतं. 'आम्ही वेगळे राहत होतो' एवढं पुरत नाही. एकाच शहरात राहत असणं हेही संपर्काची संधी होती असं मानायला पुरतं. नवऱ्यापासून कागदोपत्री सुटका न घेता दुसऱ्याबरोबर संसार करणाऱ्या बाईच्या मुलाला याचा फटका बसतो.

पुरावा कसला जमवायचा? जन्मदाखल्यावर बापाचं नाव असलं तर चांगलंच, पण त्यावर विसंबू नका. ती माहिती बहुतेक वेळा आईने किंवा दवाखान्याने दिलेली असते आणि समोरचा ते लगेच म्हणतो. जास्त वजन त्या कागदांना, ज्यांवर त्याने स्वतः सही केलीय: बाळंतपणाच्या वेळी दवाखान्यातला संमतीपत्राचा फॉर्म, शाळेच्या प्रवेशअर्जावरची पालकाची सही, दोघांच्या नावाचा लिव्ह अँड लायसन्स करार, मुलाला नॉमिनी केलेली विमा पॉलिसी, कंपनीच्या मेडिक्लेममध्ये लावलेलं नाव. दवाखान्याचं रेकॉर्ड कायम राहत नाही, त्यामुळे केसपेपरच्या नकला आधीच मागून ठेवा.

व्हॉट्सॲपच्या बाबतीत सगळ्यात जास्त घोळ होतो. स्क्रीनशॉटची चाळीस पानं प्रिंट करून फाइलला लावली की पुरावा झाला, असं समजलं जातं. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे सोबत प्रमाणपत्र लागतं, आणि नव्या नमुन्यात त्याचे दोन भाग आहेत: भाग अ मोबाईलधारकाने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने, आणि दोन्हींत फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे ती बदललेली नाही हे दाखवणारा तिचा सांकेतिक ठसा, लिहायचं. तो मूळ मोबाईल विकू नका, फॉरमॅट करू नका. 'बाळाचे डायपर आणले का?', 'दहा हजार टाकलेत' असे साधे मेसेज प्रेमपत्रांपेक्षा कोर्टात कितीतरी बोलके ठरतात, कारण त्यात तो मुलाचा खर्च आपला मानून वागलेला दिसतो.

हे सगळं असतानाही तो नाकारत असेल, तर डीएनए. कोर्ट ती मागताक्षणी देत नाही. १९९३ पासून सर्वोच्च न्यायालयाचा नियम असा की आधी प्रथमदर्शनी भक्कम प्रकरण दाखवा, 'काही सापडतंय का पाहू' अशी चाचपणी चालणार नाही. पण लग्नातल्या मुलाला असलेलं गृहीतकाचं कवच इथे नसल्याने ही तपासणी तुलनेने लवकर मिळते. आदेश झाला की आई, मूल आणि तो, तिघांचं रक्त एकाच वेळी, ओळखपत्र आणि फोटो लावलेल्या फॉर्मसह घेतलं जातं आणि सीलबंद होऊन न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातं. मुंबईची कलिन्याला आहे, विभागीय प्रयोगशाळा नागपूर, पुणे आणि इतर शहरांत. तिघांपैकी कुणाला अलीकडे रक्त चढवलं असेल तर नमुना देताना सांगायचं, नाहीतर निकाल गढूळ होतो. प्रयोगशाळा डीएनएवरच्या साधारण १५ ते २४ जागा तपासते. प्रत्येक जागी मुलाचा एक अंश आईकडून, दुसरा बापाकडून आलेला असतो. एखाद्याच जागी जुळलं नाही तर ते उत्परिवर्तन असू शकतं, तेवढ्यावर 'हा बाप नाही' म्हणत नाहीत. अहवालात ९९.९९ टक्क्यांच्या पुढचा आकडा आला की भांडण संपल्यात जमा.

गुपचूप खाजगी प्रयोगशाळेत मुलाचे केस आणि त्याचा टूथब्रश देऊन अहवाल आणण्याची टूम निघालीय. तो कागद कोर्टात टिकत नाही. नमुना कुणाचा, कुणी घेतला, कुणाच्या ताब्यात होता, याची साखळीच नसते.

रक्त द्यायला तो आलाच नाही तर त्याला पकडून सुई टोचता येत नाही. पण आदेश असूनही टाळलं तर कोर्ट त्याच्याविरुद्ध अनुमान काढू शकतं. इथे एक चूक नेहमी होते: नकार तोंडी राहतो, रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या तारखेच्या नोंदीत, येत नाही. तारखेला तो गैरहजर होता, नमुना देण्याची सूचना त्याला मिळाली होती, हे लेखी नोंदवून घ्या. आणि उलट बाजूही खरी आहे. नागपूरकडच्या एका प्रकरणात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने डीएनए अहवाल उलटा आल्यावर लग्नातल्या मुलाचीसुद्धा पोटगी त्या माणसावर लादायला नकार दिला होता. तेव्हा खात्री नसताना डीएनएचा हट्ट धरू नये. खात्री आहे का, हे आईच्या वकिलाने तिला खाजगीत विचारलंच पाहिजे.

रक्कम किती? 'पगाराच्या २५ टक्के' हा आकडा सगळीकडे फिरतो. तो २०१७ च्या एका निकालातून आलाय, पत्नीच्या पोटगीसंदर्भात, आणि तिथेही ढोबळ माप म्हणून. मुलासाठी आपल्याकडे तक्ता नाही. ऐपत, गरज, दोन्ही पालकांचं उत्पन्न आणि राहणीमान यांवरून कोर्ट ठरवतं. तक्ता नाही, म्हणूनच हिशेब तुम्ही मांडून द्यायचा. 'दरमहा २०,००० द्यावेत' असा नुसता आकडा लिहिला की कोर्ट तो अंदाजाने छाटतं.

चार वर्षांच्या मुलाचा हिशेब असा दिसतो. बालवाडीची फी महिन्याला २,५०० रुपये, दूध आणि जेवणखाण ४,०००, डॉक्टर आणि लसी ८००, आई कामावर असताना सांभाळणाऱ्या बाईंचे ३,०००, कपडे-चपला ७००, आणि ९,००० भाड्याचा तिसरा हिस्सा ३,०००. एकूण १४,०००. त्याच्या हातात येणारा पगार ४२,०००, तिचा २१,०००. दोन्ही पालकांनी कमाईच्या प्रमाणात वाटा उचलावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० साली म्हटलंय, आणि त्या प्रकरणात प्रमाण दोनास एकच होतं. त्या हिशेबाने त्याचा वाटा ९,३३३. मग मागणी साडेनऊ हजारांची करा. भाड्याचा हिस्सा बहुतेक जण धरतच नाहीत, जणू मूल छपराशिवाय राहतं.

त्याचं उत्पन्न कसं सिद्ध करायचं, यावर नोव्हेंबर २०२० च्या 'रजनेश विरुद्ध नेहा' निकालाने मोठी सोय केली. प्रकरण नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेलं. आता दोन्ही पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं ठरावीक नमुन्यातलं प्रतिज्ञापत्र द्यायचंच असतं. अर्जदाराने अर्जासोबत, समोरच्याने जास्तीत जास्त चार आठवड्यांत. त्याने टाळाटाळ केली तर दोनच संधी, आणि मुद्दाम टाळतोय असं दिसलं तर त्याचा बचाव काढून टाकता येतो. शेतीवर जगणाऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे: जमीन किती आणि त्यातला हिस्सा, जिरायत की बागायत, पिकं कोणती, गाईम्हशी-शेळ्या किती, शेतीकर्ज किती. 'मी शेतकरी, माझं उत्पन्न शून्य' या वाक्याला सात-बारा आणि आठ-अ हेच उत्तर. दोन्ही ऑनलाइन निघतात. गट नंबर माहीत नसेल तर गावात नावावरून शोधता येतो.

आईनेही आपल्या प्रतिज्ञापत्रात काही लपवू नये. शिकवण्या घेऊन मिळणारे सहा हजार लपवले आणि समोरच्याने यूपीआयचे व्यवहार काढून दाखवले, की तिच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही कोर्टाचा विश्वास उडतो. सहा हजार सांगितल्याने मुलाची खावटी फारशी कमी होत नसते.

अर्जासोबतच अंतरिम पोटगीचा अर्ज लावा. कायद्यात त्यासाठी नोटीस बजावल्यापासून ६० दिवसांची मुदत लिहिलीय. प्रत्यक्षात ती पाळली जाते असं म्हणणं धाडसाचं होईल. उशिराचं मुख्य कारण बजावणी. बेलिफ जातो, 'घर बंद' असा शेरा येतो, पुढची तारीख, परत घर बंद. म्हणून पहिल्याच अर्जात घराचा पत्ता, गावचा पत्ता, कामाचं ठिकाण, मोबाईल आणि ईमेल, सगळं द्या. कामाच्या ठिकाणी समन्स गेलं की माणूस सहसा हजर होतो.

उशिराचं नुकसान भरून काढायची तरतूद आहे: पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असं २०२० च्या त्याच निकालात ठरलं. १ मार्च २०२३ चा अर्ज आणि ७,००० चा आदेश मे २०२५ अखेर झाला, तर २७ महिन्यांचे १,८९,००० रुपये थकबाकी म्हणून एकदम देणं लागतात. अंतरिम म्हणून दिलेलं त्यातून वजा. विनंतीच्या परिच्छेदात 'अर्जाच्या तारखेपासून' हे दोन शब्द मात्र लिहिलेले असावेत. आदेश टाइप होताना राहून गेले, तर दुरुस्तीसाठी पुन्हा फेऱ्या.

आदेश हातात आला म्हणजे पैसे आले असं नाही. न भरल्यास कलम १४४ मध्येच वॉरंटची सोय आहे, आधी दंडासारखी वसुली आणि तरीही बाकी राहिली तर प्रत्येक महिन्याच्या थकबाकीपोटी एक महिन्यापर्यंत कैद. पण वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करायचा. 'देईल देईल' म्हणत चौदा महिने वाट पाहिली, तर पहिले दोन महिने या वाटेने सुटले. दर दहा-अकरा महिन्यांनी वसुलीची दरखास्त टाकायची, ही सवयच लावून घ्यावी. तुरुंगात जाऊन आला म्हणून देणं फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केलंय. दिवाणी हुकूमनाम्यासारखी वसुलीही करता येते. तिथे दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० कामाला येतं. निर्वाहाच्या हुकूमनाम्यात पगाराचा फक्त एक तृतीयांश भाग जप्तीपासून सुरक्षित असतो. म्हणजे दोन तृतीयांशापर्यंत हात घालता येतो, जे साध्या कर्जाच्या वसुलीत होत नाही.

आता बापाच्या बाजूचं, कारण नोटीस आल्यावर घाबरून केलेल्या चुका महाग पडतात. पहिली चूक, गैरहजर राहणं. एकतर्फी आदेश झाला तर तो रद्द करून घ्यायला आदेशापासून तीन महिने मिळतात आणि योग्य कारण दाखवावं लागतं. मूल आपलं नाही असं खरोखर वाटत असेल तर पहिल्याच लेखी म्हणण्यात तसं लिहून डीएनएची तयारी दाखवा. तीन वर्षांनी आठवलेली शंका कोर्टाला वेळकाढूपणा वाटते. दुसरी, नोकरी सोडणं. कोर्ट तुमच्या पगारपत्रकाबरोबर कमावण्याची क्षमताही पाहतं. धडधाकट माणसाने मजुरी करूनही पोसावं, इथवर निकाल आहेत. तिसरी, नोटीस आल्यावर घेतलेलं गाडीचं कर्ज. आयकर, भविष्य निर्वाह निधी, व्यवसाय कर अशा सक्तीच्या कपाती धरल्या जातात. हौसेचे हप्ते सहसा नाही. म्हातारे आईबाप किंवा दुसरी मुलं सांभाळत असाल तर तो खर्च कागदांसह दाखवा, तो विचारात घेतला जातो.

रोखीने काहीही देऊ नका. बँकेतून पाठवा आणि शेऱ्यात 'मुलाची पोटगी, जून' असं लिहा. शाळेची फी परस्पर भरत असाल तर ती पोटगीतून वजा होईल, असं आदेशात लिहून घ्या. नाहीतर वसुलीच्या वेळी ती प्रेमाने दिलेली भेट ठरते. 'मला मूल भेटू देत नाहीत, म्हणून पैसे बंद' हा बचावही चालत नाही. भेटीसाठी १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली वेगळा अर्ज करावा लागतो. हिंदू कायद्यात अनौरस मुलाची नैसर्गिक पालक आधी आई असते, पोटगी भरल्याने ताबा आपोआप मिळत नाही.

आणि तो पाचशेच्या स्टॅम्प पेपरवरचा करार. 'दोन लाख एकरकमी घेतले, यापुढे मुलासाठी काहीही मागणार नाही', खाली आईची सही, दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का. मुलाचा हक्क आई विकू शकत नाही. असा कागद मुलाच्या अर्जाच्या आड येत नाही. मिळालेले दोन लाख रक्कम ठरवताना फार तर जमेला धरले जातात. आईने त्याच्यावर गुन्हा नोंदवून पुढे तडजोडीने तो रद्द करून घेतला, तिथेही तेच. गुन्हा मिटला तरी मुलाचा खर्च मिटत नाही. तडजोड करायचीच असेल तर कोर्टात, मुलाच्या नावाने मुदत ठेव, व्याज मासिक, मुद्दल सज्ञान झाल्यावर, अशी करा. कोर्ट असा दस्त मुलाच्या हिताचा आहे का ते पाहून नोंदवतं.

परदेशी गेलेल्या बापांबद्दल थोडकं. भारत २००७ च्या हेगच्या बालपोटगी करारात नाही. इंग्लंड किंवा संयुक्त अरब अमिराती हे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खालचे परस्पर प्रदेश आहेत, म्हणजे तिथल्या वरिष्ठ कोर्टांचे हुकूमनामे इथे थेट बजावता येतात; अमेरिका त्यात नाही. अमेरिकेतल्या कोर्टाचा आदेश इथे थेट बजावता येत नाही, त्यावर इथे नवा दावा करावा लागतो. इथला आदेश तिकडे नेणंही तितकंच अवघड, त्यामुळे आधी त्याची इथली मालमत्ता शोधा: एनआरओ खातं (अनिवासी भारतीयाचं इथलं बँक खातं), पुण्यातला भाड्याने दिलेला फ्लॅट, गावची वाटणी न झालेली जमीन.

बाप वारला तर? कलम १४४ चा दावा माणसाबरोबर संपतो. पण हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याची कलमं २१ आणि २२ अज्ञान अनौरस मुलाला आणि अविवाहित अनौरस मुलीला मयताचे 'अवलंबित' मानतात. ज्या वारसांकडे त्याची मिळकत गेली, त्यांनी त्या मिळकतीतून निर्वाह द्यायचा, आपल्या खिशातून नाही. फक्त तेव्हा बाप कोण हे सिद्ध करायला त्याचं रक्त मिळत नाही, मुलगा असेल तर चुलत्याच्या किंवा आजोबांच्या नमुन्यावरून पितृवंशाची तपासणी करता येते, आणि तीही त्यांनी दिली तर.